जुनं औषध

पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टर तिच्या खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. सकाळपासून प्रत्येकाला हेच समजावून त्यांचा घसा बसला होता.

"ऑपरेशनसाठी आम्ही स्नायू सैल करतो. नंतर त्यांत ताकद परत यावी म्हणून औषध देतो. जुनं सावकाश काम करतं, नवीन झटपट. दोन्हींचा अभ्यास चालू आहे. तुम्ही भाग घ्याल?"

"जुनं मिळालं तर काय होतं?"

"वाईट काही नाही. अंगात ताकद यायला वेळ लागतो, तोवर आतल्या खोलीत पडून राहावं लागतं."

"तिथे घरचं कुणी येतं?"

"छे, कुणालाच सोडत नाही."

"मग मला जुनंच द्या."

डॉक्टरांना हसू आलं. "ते ना तुमच्या हातात, ना माझ्या. कॉम्प्युटर ठरवतो."

"बघू, नशिबात काय आहे," म्हणत तिने सही केली.

ऑपरेशन नीट पार पडलं. थोड्याच वेळात तिने डोळे उघडले, सांगितल्याबरोबर मान उचलली, डॉक्टरांचा हात घट्ट दाबला. मशीनही ताकद परत आल्याचं दाखवत होतं. डॉक्टरांनी तशी नोंद केली. तिचा चेहरा मात्र उतरला.

दाराशी नवरा ताटकळत होता. "आली का शुद्धीवर? धाकट्याचा गणवेश कुठे ठेवलाय, तेवढंच विचारायचं होतं."

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"अजून वेळ लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हीच शोधा."

त्यांनी दार लोटलं आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर स्वतःही जरा टेकल्या.