एका ओळीचा बदल

तिसऱ्या फाइलीत चूक सापडलीच. औषधाचा डोस मोजणारा प्रोग्राम लिहिताना बाबांनी मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम धरला होता. म्हणजे थेट हजारपट. हा बदल तसाच पुढे गेला असता, तर कुठल्याशा हॉस्पिटलात पलंगाशेजारच्या यंत्रानं एखाद्या पेशंटच्या शिरेत हजारपट औषध सोडलं असतं. लेकीनं मान वर करून आजूबाजूला पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. तिनं चूक गुपचूप दुरुस्त केली आणि खाली लिहिलं, 'तपासलं, मंजूर.'

आठ महिने हेच चाललं होतं.

या ऑफिसचा एक नियम होता. स्वतः लिहिलेलं स्वतः पास करायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी ओळ न् ओळ तपासून मंजूर केल्याशिवाय कुठलाही बदल मुख्य प्रोग्राममध्ये जायचा नाही. मंजुरीचा हक्क फक्त चौघांना, आणि त्या चौघांची नावं एका फाइलीत लिहिलेली. पहिलं नाव बाबांचं, शेवटचं लेकीचं. नियमही त्यांनीच घातलेला. तोंडावर सगळे त्यांना 'सर' म्हणत, पाठीमागे 'चाळणी'. बारीकसा खडासुद्धा त्यांच्या हातून सुटायचा नाही. लेक या ऑफिसात लागली तेव्हा तिची पहिली चार कामं त्यांनी जशीच्या तशी परत पाठवली होती, आणि घरी जेवताना त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तीही हट्टी. ऑफिसात तिनं त्यांना कधी बाबा म्हटलं नाही.

आता चाळणीची भोकं मोठी झाली होती. घरी बाबा गॅस चालू ठेवून फिरायला जायचे. एकच गोष्ट एका जेवणात तीनदा सांगायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पण ते नाव घरात दोघंही काढत नव्हती. आई गेल्यापासून बाबांना हे एक ऑफिसच उरलं होतं, आणि निवृत्तीला पाच महिने होते. तेवढे पाच महिने त्यांचा मान राहावा, म्हणून ती पांघरूण घालत होती. ते लिहायचे, ती दुरुस्त करायची. ते इतरांचं काम मंजूर करायचे, ती मागाहून ते सगळं डोळ्यांत तेल घालून पुन्हा तपासायची. नियम दोन जोडी डोळ्यांचा, आणि बघणारी जोडी एकच. गेल्या गुरुवारी बाबांनी मंजूर केलेली एक भयंकर चूक तिला निव्वळ नशिबानं दिसली.

चारच्या सुमाराला स्क्रीनवर बाबांचा आणखी एक बदल आला. तिनं उसासा टाकला आणि खुर्ची पुढे ओढली. एकच फाइल होती. तीही मंजुरी देणाऱ्यांच्या नावांची. त्यातली एक ओळ काढून टाकलेली. पहिली.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'यांनी तपासलेलं दुसऱ्याला पुन्हा तपासावं लागतं.'

ती धावतच त्यांच्या टेबलाशी गेली. "बाबा!"

दोन-तीन माना वळल्या. बाबा हसले.

"कसं कळलं तुम्हाला?"

"तूच तर लिहून ठेवलंयस. प्रत्येक दुरुस्तीपुढं तुझं नाव आणि वेळ. बदल बघायच्या आधी त्याचा इतिहास बघायचा, हे मीच शिकवलं होतं ना तुला?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "कालचं विसरतो गं मी. पण ती सवय नाही सुटली. रोज सकाळी इतिहास उघडतो, आणि मला रोज नव्यानं कळतं."

आठ महिने ती ज्या गोष्टीपासून त्यांना जपत होती, ती त्यांना रोज सकाळी पहिल्यांदाच कळत होती. आणि दुपारी ते तिच्याशी हसून बोलत होते.

"पाचच महिने राहिलेत, बाबा. मी आहे ना."

"तू आहेस. तुझ्या डोळ्यावर झापड आली, तर तिकडं पलंगावर पडलेल्याचं काय? आज आठवतंय तोवर लिहिलंय. जा, तपास. आणि बाप आहे म्हणून पास करू नकोस."

ती जागेवर येऊन बसली. अक्षरं पुसट दिसत होती, तरी तिनं फाइल वरपासून वाचली. उरलेली तीन नावं पाहिली. स्वल्पविराम पाहिले, कंस पाहिले. पुन्हा वाचलं. परत पाठवण्यापुरती एखादी चूक तिला हवी होती, कितीही क्षुल्लक.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच बाबांच्या कामात तिला एकही चूक सापडली नाही.