नव्या कवळीची किंमत

उरलेले पाच दात काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "हिरड्या भरायला तीन महिने लागतील आजी, मग कवळी बसवू." बोळक्या तोंडाने बोलून चारचौघांत हसं करून घेणारी मी नव्हे. तीन महिने तोंडाला रुमाल लावून बसले. जीभ आत नुसती वळवळायची. समोर सून कपड्यांच्या घड्या घालताना गाणं गुणगुणायची. आठ वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. वाटलं, हल्लीच शिकली असेल.

काल कवळी बसली. मुलगा म्हणाला, "चांगल्यातली घेतलीय आई, आता बोल मनसोक्त."

घरात पाऊल टाकलं तर सून गुणगुणत चादरीची घडी करत होती. मी म्हटलं, "अगं, कोपरे जुळव की! डोळे कुठे ठेवलेस?"

तिने कोपरे जुळवले. गाणं थांबलं.

"कितीला पडली रे ही?" मी मुलाला विचारलं. त्याने सांगितलेला आकडा मला फारच कमी वाटला.

आज सकाळपासून तोंडभर दात घेऊन गप्प बसलेय. सारखे कान आतल्या खोलीकडे जातात. अजून तरी नुसत्या बांगड्याच वाजतायत.