एकोणतीस इंची हट्ट

ऋजुतानं फॉर्मवर चाकाच्या रकान्यात '२९' लिहिलं आणि फॉर्म जयंतकाकांपुढे सरकवला.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरी, नियम वाचलास ना? पाच फूट तीन इंचांच्या खालच्यांना एकोणतीस इंची चाक नाही. साडेसत्तावीस लिही आणि मोकळी हो."

"वाचला. म्हणूनच लिहिलं."

शेजारी उभ्या असलेल्या प्रणवनं डोळे मिटले. झालं! ताई हट्टाला पेटली की आईसुद्धा हात टेकायची, तिथे काका कोण?

जयंतकाका हवाई दलातून निवृत्त होऊन पंचकुल्यात स्थायिक झालेले. मूळचे सांगलीचे. डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीचे सर्वेसर्वा. माणूस लाख प्रेमळ, पण गेल्या वर्षी एका ठेंगण्या स्वाराच्या बुडाला तीव्र उतारावर मागचं मोठं चाक घासलं, तो उडून दगडांत पडला आणि तीन महिने अंथरुणाला खिळला. तेव्हापासून काकांनी सायकल क्लबच्या दारावर उंची मोजायची पट्टीच ठोकली होती.

ऋजुता भरली पाच फूट अर्धा इंच. मोहालीत सेक्टर ६७ मध्ये औषधांवर संशोधन करायची. डिसेंबरात प्रकल्प संपला की परत कोल्हापूर. म्हणजे चंदीगडच्या संघात जायची ही एकच संधी, आणि संघ निवडला जाणार तो याच शर्यतीतून. दुसरा आकडा लिहिला असता तर शर्यतीत नाव तिथल्या तिथे पक्कं झालं असतं. पण तिनं आकडा बदलला नाही आणि काकांनी फॉर्म अडवून ठेवला.

"अखेर मोठं चाक पटलं म्हणायचं तुला!" बाहेर आल्यावर प्रणव म्हणाला. त्याला आतून उकळ्या फुटत होत्या. स्वतः सहा फुटी गडी, मोहालीच्या आयटी कंपनीत नोकरी आणि एकोणतीस इंची चाकाची भक्ती. मोठं चाक दगडावरून अलगद निघून जातं, लहान चाक अडखळतं, हे कीर्तन तो दोन वर्षं रोज जेवताना लावायचा. ताई मुकाट्यानं भात कालवायची.

आताही ती एवढंच म्हणाली, "माझ्या मापाची एकोणतीसची सायकल कुणाकडे मिळते का बघ."

त्यानं डेराबस्सीच्या एका मैत्रिणीकडून उसनी आणली. महिनाभर दर शनिवार-रविवार दोघं मोरणीच्या डोंगरात. ताई पडायची, उठायची, पुन्हा वर चढायची. कोपर सोलवटलं, गुडघा फुटला. एका वळणावर तर ती अशी आपटली की प्रणव स्वतःची सायकल टाकून धावला.

"ताई, बास यार! साडेसत्तावीस लिही ना. तू त्याच्यावरही सहज निवडली जाशील."

"कोणी ठरवायचं?"

"काय?"

"माझ्याखाली कुठलं चाक असावं ते. दारावरच्या पट्टीनं?" तिचे डोळे भरून आले होते. गुडघ्यासाठी ती कधी रडायची नाही. "सगळे उतार मी उतरले, प्रणव. आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

त्याच संध्याकाळी ती काकांच्या घरी जाऊन थडकली. काका वैतागले. पण फौजी माणूस, आव्हान दिलं की मागे हटत नाही.

"ठीक आहे. शेवटच्या उतारावरून तीन वेळा खाली यायचं. तुझ्या पँटच्या मागे पतंगाचा कागद टाचायचा. चाक घासून कागद फाटला, तर तू शर्यतीतूनच बाद. साडेसत्तावीसवरसुद्धा नाही."

"आणि नाही फाटला तर?"

"तर नियम मी स्वतः फाडीन."

"अहो, काहीतरीच काय!" आतून इंद्रायणीकाकू म्हणाल्या. पण सुई-दोरा घेऊन त्याच बाहेर आल्या.

रविवारी सकाळी उतारापाशी पंधरा-वीस जण जमले. पिवळाधमक कागद लावून ऋजुता वर उभी राहिली तेव्हा कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

पहिल्यांदा आली. काकूंनी चष्मा लावून पाठीमागून तपासलं. "शाबूत आहे हो!"

दुसऱ्यांदा आली. कागद शाबूत.

तिसऱ्यांदा मधल्या खडकावर सायकलचं तोंड खाली गेलं, ऋजुता मागे झुकली आणि चाक तिच्या इतकं जवळ आलं की प्रणवनं तोंडावर हात धरला. ती सावरली. खाली आली.

काकूंनी यावेळी बराच वेळ लावला. "सुरकुतलाय," त्या म्हणाल्या, "पण फाटला नाही."

काकांनी खिशातून नियमांचा कागद काढला आणि सर्वांदेखत त्याचे चार तुकडे केले. "आजपासून ज्याला जे चाक हवं ते," ते म्हणाले. मग ते पुढे झाले आणि त्यांनी ऋजुताच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, चुकलो मी."

प्रणवला वाटलं, ढोल आणावा आणि पार सुखना तलावापर्यंत वाजवत जावं. ताई जिंकली होती, आणि त्याचं एकोणतीसही.

पुढच्या रविवारी शर्यत. प्रणव पहाटेच उसनी सायकल घेऊन मोरणीला पोचला. हवा भरली, ब्रेक तपासले, सीट पुसली. ताई मागून येणार होती.

सुरुवातीच्या रेषेपाशी काका यादी घेऊन बसले होते. ऋजुताच्या नावापुढे त्यांनी तिला न विचारताच, मोठ्या अभिमानानं, ठळक '२९' लिहून ठेवलं होतं.

"ये, ये!" ते म्हणाले आणि तिच्या हातातल्या, तिच्या रोजच्या सायकलकडे बघतच राहिले.

"खोडा ते, काका," ऋजुता हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली. "साडेसत्तावीस लिहा. मोठी चाकं मला कधीच आवडली नाहीत."