खुरपं
बुडापेस्ट, १९३५. बाबांच्या कबरीवर जिरेनियम लावायला आई खाली बसली, तेव्हा बालिंतने खेळाच्या पिशवीतून हळूच त्यांचं खुरपं काढून दिलं. "अरे, याच्यासाठी मी सगळं घर पालथं घातलं. तू कशाला नेलंस?" "काल विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत माझी अंतिम शर्यत होती ना. सुटण्याआधी पाय रोवायला ज्याचे त्याने खड्डे खणायचे असतात." "मैदानात खुरपी नव्हती का?" "होती. पण अंतिम शर्यतीचे खड्डे बाबा खणून देणार होते." आई रोपाची मुळं मोकळी करत राहिली. "कितवा आलास?" "सहावा." "धावले किती?" "सहा." पात्याला धावपट्टीवर पसरलेली काळी राख चिकटली होती. बालिंत ती रुमालाने पुसायला गेला, तसं आईने त्याचं मनगट धरलं. खुरपं राखेसकट मातीत खुपसून ती कबरीला म्हणाली, "अहो, खड्डे चांगले खणलेत तुम्ही. पोरगंच हळू पळालं."