इतर कारण

आमच्या कर्जतच्या कॉलेजात प्राध्यापकांना एक फॉर्म दिला. 'ऑनलाइन शिकवण्याची तयारी आहे का? नसल्यास कारण लिहा.' मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नाही. जो वर्गात हजर नाही, त्याला मी शिकवत नाही.'

तीस वर्षं मी प्रत्येक तासाला मोठ्याने हजेरी घेत आलोय. दिवाळीपासून सतरा नंबर गप्प होता. सोनाली ठोंबरे, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, कुंभिवलीच्या एका कारखान्यात कामाला लागली होती. तरी मी रोज तिचा नंबर पुकारायचो आणि पुढे 'गैरहजर' लिहायचो.

शेवटी प्राचार्यांनी हुकूमच काढला. "गुप्ते सर, शनिवारचा तास ऑनलाइन घ्यावाच लागेल."

मी चरफडत लॅपटॉपसमोर बसलो आणि सवयीने हजेरी सुरू केली. मुलं हसली. "सर, नावं दिसतात की स्क्रीनवर!" मी कुठला ऐकतोय? पंधरा, सोळा, सतरा...

"हजर हाय सर! ग्रुपवर लिंक बघितली. जेवणाची सुट्टी हाय, कँटीनमधनं बोलते. बाजूच्या दोघीपण ऐकतायत, चालंल ना?"

तीस वर्षांत पहिल्यांदा मी पुढचा नंबर विसरलो.

महिन्याभराने मी आपणहून चार तास ऑनलाइन मागितले, तेव्हा पुन्हा फॉर्म आला. 'मत बदलण्याचं कारण: प्रशिक्षण, सुविधा, वरिष्ठांचा आग्रह, इतर.'

मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'सतरा नंबर हजर.'