वरून दुसरी ओळ

"नाव बरोबर आहे ना, आई?" पाथरवटाने विचारलं.

म्हातारीने मान इतकी वर केली की तिचा तोल गेला. भिंत तिच्या चौपट उंच होती आणि मुलाचं नाव वरून दुसऱ्या ओळीत. नावं मरणाच्या तारखेप्रमाणे कोरली होती. हा लढाईच्या पहिल्याच आठवड्यात गेला. त्याला लहानपणापासून सगळ्याचीच घाई.

"दिसत नाही रे," ती म्हणाली. "मोतीबिंदू आहे. हात लावून बघते."

उद्या युद्धस्मारकाचं उद्घाटन. आज घरच्यांनी नाव तपासायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच काम होतं. बाकीचे सह्या करून केव्हाच गेले होते. परांचीही कालच उतरवली होती. पाथरवट शिडी आणायला वळला.

"शिडी नको!" आर्किटेक्ट धावत आले. "फरशीला आत्ताच पॉलिश केलंय, ओरखडे पडतील." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आजी, भिंत मुद्दामच उंच ठेवलीय. इथे येणाऱ्याला आपण किती लहान आहोत, ते कळावं म्हणून."

"ते कळलंय मला."

साहेबांनी रुमालाने दगडावरचा एक डाग पुसला. माणूस तसा वाईट नव्हता. या भिंतीपायी त्याने तीन वर्षं झोप घालवली होती.

पाथरवटाला राहवेना. त्याने ते नाव मोठ्यांदा वाचून दाखवलं.

"नाव मला पाठ आहे, दादा," म्हातारी म्हणाली.

तिने समोरच्या दगडाला हात लावला. चाचपडत खांद्यापासून गुडघ्यापर्यंत आली. सगळं गुळगुळीत.

"इथे तर काहीच नाही. इथेच कोरा की त्याला."

"ती जागा राखून ठेवलीय," आर्किटेक्ट म्हणाले.

"कुणासाठी?"

आर्किटेक्टनी पाथरवटाकडे बघितलं. पाथरवटाने हातातल्या छिन्नीकडे. शेवटी तोच बोलला.

"पुढच्या लढाईसाठी, आई."

म्हातारीचा हात दगडावर होता तिथेच थांबला. मग तिने कागद मागितला. पाथरवटाने बोट ठेवून दाखवलं, तिथे तिने वाकडीतिकडी सही केली.

"धाकट्याला गेल्या महिन्यात भरती करून घेतलंय," कागद परत देताना ती त्याला म्हणाली. "त्याची अक्षरं जरा खोल काढ, दादा. तोवर मला अजिबातच दिसत नसेल."