माझ्याच दिवशी?

चर्चमध्ये कुणाचाही अंत्यविधी असो, नंतरच्या जेवणात कौतुक व्हायचं ते थेल्माच्या लिंबाच्या वड्यांचं. ते ऐकून अर्डिसचा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी एक्याऐंशीव्या वर्षी तिने स्वतःच्याच मयतीच्या जेवणासाठी दोन डबे खजुराच्या वड्या आधीच करून टाकल्या आणि ते डबे घेऊन ती चर्चच्या तळघरातल्या फ्रीझरपाशी आली.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बेव्हर्लीने कपाळाला हात लावला. "अगं, चांगली धडधाकट आहेस की! हे काय अभद्र?"

"मी शवपेटीत गप्प पडलेली, आणि लोक त्या थेल्माच्या वड्या खाऊन बोटं चाटणार? माझ्याच दिवशी? नाही हं खपायचं मला!"

अर्डिसने फ्रीझर उघडला. आपल्या डब्यांना जागा करायला तळाचा एक डबा सरकवला, आणि त्यावरची चिठ्ठी वाचतच राहिली.



'लिंबाच्या वड्या. फक्त अर्डिसच्या मयतीसाठी. – थेल्मा.' खाली तीन जुनी सालं खोडून, ताज्या शाईने यंदाचं साल घातलं होतं.